अर्धा पडदा

तेरवळच्या किनाऱ्यावर माणसं पुन्हा बिनधास्त पाण्यात उतरू लागली, त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. त्याआधी कित्येक वर्षं समुद्र नुसता बघण्यापुरता उरला होता. पाणी तापत गेलं तसे दक्षिणेकडून चौकोनी झार येऊ लागले. झार म्हणजे जेलीफिश, आणि ते कोकणाला नवे नव्हते. जाळ्यात येणारे, अंगाला खाज आणणारे झार तिथल्या प्रत्येकाने लहानपणापासून पाहिलेले. पण हा वेगळा होता. मुठीएवढी काचेची पेटी आणि तिच्या चारही कोपऱ्यांतून लोंबणारे पुरुषभर लांबीचे धागे. पाण्यात दिसायचाच नाही. अंगाला चाटून गेला तर चाबूक ओढल्यासारखे वळ उठायचे, आणि नशीब खोटं असलं तर किनारा गाठण्याआधीच माणसाचं हृदय थांबायचं. मुंबईच्या एका पाहुण्याचं तसं झालं, आणि तेरवळमधल्या घरोघरच्या पर्यटकांच्या खोल्या ओस पडल्या.

मग पडदा आला, आणि खोल्या पुन्हा भरल्या.

रेवती टिकम तेरवळच्या जीवरक्षक पथकाची प्रमुख होती. पडदा आल्यापासून तिला खरं तर उसंत मिळायला हवी होती. पण झालं उलटंच. मनोऱ्यावर ती एका जागी बसायची नाही. वर चढायची, खाली उतरायची, वाळूतून कातळापर्यंत जाऊन यायची. पोरं हसायची, "मॅडम, पाण्यात काही नाही हो." ती म्हणायची, "तेच बघतेय."

त्या दुपारी भरती लागली आणि ड्रोनने झारांचा थवा दाखवला. मनोऱ्यावरच्या स्क्रीनवर निळ्या पाण्यात फिकट ठिपक्यांचा एक ढग सरकत येत होता. रेवतीने भोंगा वाजवला नाही. आता वाजवायची गरजच नव्हती. ढग पडद्यापाशी आला, अडखळला, आणि मेंढरांचा कळप कुंपणापाशी वळावा तसा उत्तरेकडे वळून पडद्याच्या कडेकडेने निघून गेला. वाळूवर लावलेल्या मोठ्या स्क्रीनवर लोक हे बघत होते. टाळ्या पडल्या. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसांनीही हात वर करून टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात फोन वाजला. सुगंधाचा. सुगंधा तिची थोरली बहीण, डोंगराच्या टोकापलीकडे, उत्तरेच्या मोरवंडला दिलेली.

"ताई, बोल."

"हेमलता मेली," सुगंधा म्हणाली. हेमलता तिच्या शेजारची, तिच्याबरोबर मुळे म्हणजे शिंपले काढायला जाणारी. "खाडीच्या तोंडार मुळे काढूक गेलेली. पायांक लागलो."

"झार? मोरवंडला?"

"टाळ्यो खंय वाजतत गो?" सुगंधाने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवला.

*

पडदा डॉक्टर निनाद परुळेकरांचा. त्यांना तेरवळमध्ये सगळे 'झारडॉक्टर' म्हणत आणि ते त्याचा राग मानत नसत. शाळेतल्या मुलांना, पाहुण्यांना, मंत्र्यांना, सगळ्यांना ते एकाच उत्साहाने समजावून सांगत.

या झाराला मेंदू नाही, पण डोळे आहेत, आणि तेही चोवीस. पेटीच्या चार बाजूंना चार बारीक लोलक, प्रत्येकावर सहा डोळे, आणि त्यांतल्या काहींना आपल्यासारखं भिंग. बाकीचे झार पाणी नेईल तिकडे जातात. हा मात्र बघतो आणि पोहतो. कोळंबीच्या पिल्लांमागे किनाऱ्याकडे येतो, आणि वाटेत एखादं खोड, खांब, काळा दगड दिसला की वळतो, कारण आपटला तर त्याचं नाजूक अंग फाटतं. दूरची वस्तू पाण्यात अंधुक दिसते आणि जवळची ठळक, एवढं त्याला उपजत कळतं.

"आणि गंमत पुढे आहे," परुळेकर म्हणत. "तो शिकतो. जवळच एक अंधुक राखाडी पट्टी ठेवा. त्याला वाटतं, लांब आहे. तो जाऊन आपटतो. पुन्हा आपटतो. मग मात्र त्याच्या लक्षात येतं की अंधुक दिसलं तरी ते जवळ असू शकतं. त्यानंतर राखाडी पट्टी दिसली की तो लांबूनच फिरतो. मेंदू नसताना!"

त्यांनी याच शिकण्याचं कुंपण केलं होतं. नेहमीची जाळी लाटांनी फाटते, आणि झाराचे तुटलेले धागे तिच्यातून आत येऊन डसतातच. परुळेकरांनी तरंगणाऱ्या पिंपांना राखाडी पट्ट्या टांगल्या, दोन रांगांत, तेरवळच्या खाडीच्या तोंडापासून उत्तरेच्या कातळापर्यंत. पहिल्या रांगेला झार धडकायचा आणि दुसरी येईपर्यंत शहाणा व्हायचा. ना विष, ना वीज, ना कुणाचा जीव घेणं. सरकारी कागदांवर त्याचं नाव मोठं होतं. गावाने त्याला पडदा म्हटलं.

वळलेले झार जातात कुठे, असं एका मुलीने शाळेत विचारलं होतं. "समुद्रात," परुळेकर म्हणाले होते. "समुद्र मोठा आहे." रेवती तेव्हा मागच्या बाकावर बसली होती, आणि तिला ते पटलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी ती स्कूटरच्या मागे व्हिनेगरचे कॅन बांधून मोरवंडला गेली. झार डसल्यावर पहिल्यांदा व्हिनेगर ओततात. न फुटलेल्या विषाच्या कुप्या त्याने बंद पडतात.

ओहोटी होती. खाडीच्या तोंडाशी बायका लुगडी खोचून गुडघाभर पाण्यात वाकल्या होत्या. हेमलताला जाऊन दोन दिवस झाले नव्हते, पण मुळे काढले नाहीत तर बाजारात विकायचं काय? पायांना जुन्या सायकलच्या ट्यूबा गुंडाळून त्या पाण्यात उभ्या होत्या. सुगंधा त्यांत होती. बहिणीला बघून ती सावकाश बाहेर आली.

आई गेली तेव्हा रेवती शाळेत होती. तिची वेणी घालणं, तिला पोहायला शिकवणं, तालुक्याच्या स्पर्धेला नेणं, सगळं सुगंधानेच केलं होतं. रेवतीला समोर बघून तिचा चेहरा कधी बंद झालेला नव्हता. आज होता.

"ह्या काय हाडलंस?"

"व्हिनेगर. प्रत्येकीने जवळ ठेवायचं. लागलं की लगेच..."

"तू व्हिनेगर घेवन इलंस," सुगंधा म्हणाली. "झार घेवन जातंस काय?"

"ताई, झार सगळ्या समुद्रातच वाढलेत. हे पडद्यामुळेच, असं काही..."

"गेल्या दिवाळेच्या आधी हयसर झार नाय होतो. तुमच्या तेरवळाक होतो. आता तुमच्या तेरवळाक नाय, हयसर आसा. माका चोवीस डोळे नायत, दोनच आसत. पण दिसता माका."

रेवतीने कॅन उतरवून ठेवले. एका म्हाताऱ्या बाईने ते मुकाट्याने सावलीत नेऊन लावले. सुगंधा पुन्हा पाण्यात गेली. रेवती बराच वेळ किनाऱ्यावर येरझाऱ्या घालत राहिली. काय करावं, ते तिला सुचत नव्हतं. ओहोटीच्या पाण्यात, खडकाच्या एका खळग्यात तिला तो दिसला. अडकून पडलेली काचेची पेटी, आकुंचन पावणारी, फुलणारी. तिने रबरी मोजे चढवले आणि त्याला रिकाम्या बादलीत घेतलं.

*

परुळेकरांच्या प्रयोगशाळेत, म्हणजे जुन्या बर्फ कारखान्याच्या खोलीत, काचेची गोल टाकी होती. तिच्या आतल्या भिंतीवर राखाडी पट्ट्या लावलेल्या.

"नवा झार टाकला तर काय करील?" रेवतीने विचारलं.

"धडकेल. नवा झार नेहमी आधी धडकतो."

"आणि शिकलेला?"

परुळेकर हसले. "तो लांबूनच वळेल. का?"

तिने बादली रिकामी केली.

झार तळाशी गेला, सावरला, वर आला. भिंतीकडे निघाला. रेवती श्वास रोखून बघत होती. धडक, असं ती मनातल्या मनात म्हणत होती. देवा, धडकू दे याला. भिंत अजून हातभर लांब असताना झार थबकला. पेटी तिरपी झाली, आणि तो गर्रकन वळून टाकीच्या मध्याकडे गेला. पुन्हा गेला, पुन्हा वळला. एकदाही धडकला नाही.

परुळेकर टाकीवर वाकले होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं तरी ते काही वेळ तसेच वाकून राहिले.

"हा शिकलेला आहे," ते म्हणाले.

"कुठे शिकला?"

"कुठून आणलात?"

"मोरवंडहून. तिथे पडदा नाही, डॉक्टर. तिथे राखाडी काहीच नाही."

ते खुर्चीवर बसले. चष्मा काढला. "मला वाटलं होतं ओहोटीबरोबर बाहेर जातील. पण तो पोहणारा प्राणी. पाण्यासोबत कशाला जाईल? त्याला कोळंबी हवी. पडदा संपेपर्यंत पडद्याच्या कडेने गेला, टोकाला वळसा घातला, आणि पहिली मोकळी खाडी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग हळूच म्हणाले, "पूर्वी इथे येऊन ते सगळ्या उपसागरात पांगायचे. आपण त्यांना एकत्र करून पाठवतोय."

"पडदा काढला तर?"

"तर पांगतील. पण इकडे."

*

किनारा समितीची बैठक समाजमंदिरात झाली. अध्यक्ष बाबल मेथर. पूर्वी त्यांची मासेमारीची होडी होती; आता किनाऱ्यालगत बांबूच्या खोल्या होत्या. रेवतीला ते लहानपणापासून ओळखत. माणूस वाईट नव्हता. झार आले त्या वर्षी त्यांचा थोरला मुलगा गाव सोडून दुबईला गेला होता, आणि पडदा लागल्यावर परत आला होता.

परुळेकरांनी स्वतः सगळं सांगितलं, काही न लपवता.

"मगे मोरवंडान पण पडदो घेवचो," बाबल म्हणाले. "आमी नाय म्हणतो काय?"

"मग झार पुढच्या गावात जातील," रेवती म्हणाली.

"मगे पुढच्या गावान घेवचो."

"आणि त्याच्या पुढच्या?"

"रेवती, किनारो कारवारापर्यंत आसा. सगळ्यांची काळजी आपणच करूची काय?"

परुळेकरांनी एक तोड सुचवली. पडद्याला दार ठेवायचं. गावांनी पाळी लावून आपापला किनारा झारांसाठी मोकळा सोडायचा, म्हणजे थवा पांगेल आणि एकाच ठिकाणी साचणार नाही. आपली पाळी असेल तेव्हा आपल्या गावाने पाण्यात उतरायचं नाही. पण त्यासाठी सगळी गावं एकत्र यायला हवीत, आणि तेरवळने सुरुवात करायला हवी.

सगळ्यांनी माना डोलावल्या. कल्पना चांगली आहे, असं प्रत्येकजण म्हणाला. हंगाम संपल्यावर बघू, असं ठरलं. आठवड्यावर पोहण्याच्या स्पर्धा आल्या होत्या. रेवतीही काही बोलली नाही. हंगाम संपल्यावर, हे शब्द घेऊन ती घरी गेली. तिच्याही घराला पाहुण्यांच्या दोन खोल्या होत्या, आणि त्या भरलेल्या होत्या.

*

स्पर्धेच्या दिवशी सकाळीच केतकीचा, सुगंधाच्या मुलीचा फोन आला. "मावशी, आईला लागलं. दोन्ही पायांना." पोरगी रडत नव्हती. भराभर बोलत होती, जणू थांबली तर पुढचं सांगता येणार नाही. "व्हिनेगर ओतलं. तुझंच. गाडीत घातलंय. ती डोळे उघडत नाहीये."

मोरवंडच्या आरोग्य केंद्रात रेवती पोचली तेव्हा सुगंधाच्या छातीला तारा लावलेल्या होत्या. मांडीपासून घोट्यापर्यंत जांभळे वळ, एकात एक गुंतलेले, शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे ठिपके असलेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय मध्येच अडखळत होतं, आता लागलंय ताळ्यावर, पण तालुक्याला न्यावं लागेल. व्हिनेगर वेळेवर पडलं म्हणून निभावलं.

सुगंधाने डोळे उघडले. बहिणीकडे पाहिलं. तिचे ओठ कोरडे पडले होते.

"दुखता गो," ती म्हणाली. एवढंच. रागाचं काही नाही, दोषाचं काही नाही. थोरल्या बहिणीने धाकटीकडे कधी केली नव्हती अशी तक्रार.

रेवती बाहेर आली आणि स्कूटरला किक मारली.

तेरवळचा किनारा माणसांनी फुलला होता. पताका, ढोल, अंगाला नंबर चिकटवलेले स्पर्धक. रेवती गर्दीतून थेट मनोऱ्यावर गेली आणि लाल बावटा चढवला. पाण्यात धोका आहे असं प्रमुखाला वाटलं तर लाल बावटा चढतो, आणि तो तिच्याशिवाय कुणी उतरवू शकत नाही. एवढा एक अधिकार तिच्याकडे होता. भोंगा वाजला. ढोल थांबला. मग ती होडीत बसली आणि पथकाच्या पोरांना म्हणाली, "पडदा सोडा. कातळाकडच्या बाजूने सुरू करा."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. तिने स्वतः पहिला दोर कापला.

बाबल मेथर धोतराला पाणी लागेपर्यंत आत आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"सुगंधाचा कळला माका," ते म्हणाले. "वाईट झाला. पण ह्या बघ, रेवती. मागे वळान बघ." तिने पाहिलं. वाळूवर सगळं गाव उभं होतं. खाणावळवाली यमू, शहाळी विकणारे, होड्यावाले, बाबलांचा दुबईहून परतलेला मुलगा, त्याच्या कडेवर त्याची लेक. "सगळो नको काढू. अर्धो ठेव. दक्षिणेकडचो. स्पर्धा तितक्यात घेव. उत्तरेकडे तुझो बावटो रवांदे. अर्ध्यात झार पांगतले, अर्ध्यात माणसा रवतली. माझा नाय, तेंचा तोंड बघ."

रेवतीच्या हातात कोयती होती. ती त्या तोंडांकडे बघत राहिली. एकेकाला ती नावाने ओळखत होती.

"अर्धा," ती शेवटी म्हणाली.

दुपारी भरतीबरोबर थवा आला. मोकळ्या सोडलेल्या उत्तरेच्या पाण्यात तो पसरला. ऊन तिरपं होतं आणि पाणी नितळ, म्हणून किनाऱ्यावरच्या लोकांना झार पहिल्यांदाच स्क्रीनवर न दिसता समोर दिसले. काचेच्या पेट्या, सावकाश उघडझाप करणाऱ्या, त्यांच्यामागे केसांसारखे धागे. टाळ्या वाजल्या नाहीत. एका बाईने आपल्या मुलाला उचलून मागे नेलं. दक्षिणेकडे स्पर्धा झाली, पण ढोल कुणी वाजवला नाही. संध्याकाळी समितीने रेवतीला कामावरून कमी केल्याचं कळवलं.

*

आठवड्याभराने सुगंधा घरी आली. रेवती गेली तेव्हा ती ओसरीवर पाय लांब करून बसली होती. खाडीच्या तोंडाशी बायका मुळे काढत होत्या. कुणाच्याच पायाला ट्यूबा नव्हत्या. रेवतीने ते पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी ती निवांत टेकली.

"एकपण नाय इलो," सुगंधा म्हणाली. "तू पडदो काढलंस त्या दिवसापासून."

"बरं वाटलं."

"अर्धो काढलंस."

"हो."

"अर्धो कोणासाठी ठेवलंस?"

सुगंधा तिच्याकडे बघत होती, लहानपणी खोटं बोलल्यावर बघायची तशी.

"काल दाभट्याची मासेवाली इल्ली," ती म्हणाली. दाभटे म्हणजे तेरवळच्या दक्षिणेचं गाव. "थंयसर दोघांक लागलो. एकाचो हात गेलो म्हणतत, हलणाच नाय. झार थंय कधी नाय होतो. तुमच्या अर्ध्या पडद्याक आपटले, शिकले, आणि मागे फिरले."

रेवती उठली. ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली. दक्षिणेकडचा तो अर्धा पडदा आता तिच्या हातात नव्हता. ती कामावर नव्हती. ती कुणीच नव्हती. बाबलांकडे परत जावं, परुळेकरांना गाठावं, की...

"बस गो," सुगंधा म्हणाली. मग स्वतःच भिंतीला धरून उभी राहिली. पाय थरथरले. "केतके, माझी चप्पल दी."

"ताई, तू कुठे निघालीस?"

"दाभट्याक. आणि खंय?"

"तुला चालता येत नाही."

"स्कूटरार बसता येता." सुगंधाने तिच्या खांद्यावर हात ठेवला, आधारासाठी, सगळा भार टाकून. "तो तुझो डॉक्टर पाळीचा काय सांगी होतो ना? पाळी लावची तर आदी तोंड दाखवूक होया. घरात बसान पाळी लागत नाय."

दाभटे लहान गाव. समुद्रालगत माडांच्या सावलीत पंधरावीस घरं. दोघी बहिणी उतरल्या तेव्हा एका अंगणात माणसं जमली होती. खाटेवर एक तरुण बसला होता, त्याचा उजवा हात कापडात गुंडाळलेला. जांभळे वळ कापडाबाहेर मानेपर्यंत आले होते. जमलेल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. तरुणाची आई पुढे आली, पदर कमरेला खोचलेला, डोळे सुजलेले.

"खंयच्या गो तुमी?"

सुगंधाने लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. वळ दिसले. ती बाई ते बघत राहिली.

मोरवंडला लग्न होऊन सुगंधाला वीस-बावीस वर्षं झाली होती, आणि हेमलता गेल्यापासून ती 'तुमचा तेरवळ' याशिवाय त्या गावाचं नाव घेत नव्हती.

"आमी तेरवळच्या," ती म्हणाली. "झार आमच्याकडसून इले. बसान बोलूया."